थायलंडची ‘गमावलेली’ जमीन नेमकी कुणाची होती?

जुलै 2025 मध्ये थायलंड आणि कंबोडिया पाच दिवस लढले. तोफा धडाडल्या, रॉकेटं सुटली, थायलंडने एफ-16 विमानं आणली. चाळीसच्या आसपास माणसं मेली आणि दोन्हीकडचे मिळून तीन लाखांच्या घरात लोक गावं सोडून पळाले. 28 जुलैला मलेशियात, पुत्रजयाला, युद्धविराम झाला आणि वर्ष सरायच्या आत तो मोडलाही. भांडण दांग्रेक डोंगररांगेतल्या जुन्या खमेर देवळांचं आणि त्यांच्या भोवतीच्या थोड्याशा रानाचं. थायलंड 1:50,000चा नकाशा पुढे करतो, कंबोडिया शंभर वर्षांपूर्वीचा 1:2,00,000चा फ्रेंच नकाशा. आमचाच नकाशा खरा, हे मात्र दोघंही एका सुरात सांगतात.

थायलंडची बाजू घेणारे या वादात एक गोष्ट हटकून ऐकवतात: आम्ही आधीच पुष्कळ जमीन गमावली आहे, आता एक तसूही देणार नाही. त्यामागे एक चित्र आहे, थाई माणसाच्या मनात लहानपणापासून ठसलेलं. मधोमध आजचा थायलंड, ज्याचा आकार जुन्या कुऱ्हाडीसारखा दिसतो म्हणून ‘सोन्याची कुऱ्हाड’ म्हणतात तो. त्याच्या भोवती रंगीबेरंगी तुकडे, प्रत्येकावर एक साल: हा 1893 साली गेला, हा 1904 साली, हा 1907 साली, हा 1909 साली. एकूण किती वेळा जमीन गेली याची मोजदाद मांडणाऱ्यागणिक बदलते. चोर मात्र बदलत नाहीत. फ्रान्स आणि ब्रिटन.

या चित्रातली सालं बरोबर आहेत. तह झाले, गनबोटी आल्या, हेही खरं. तरीही हे चित्र मला खोटं वाटतं, कारण ते तुकडे आधी सयामचे, म्हणजे जुन्या थायलंडचे, होते हे त्यात गुपचूप गृहीत धरलेलं आहे. ते ज्यांचे होते त्यांचं नावही त्या चित्रात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भागात रेघेची सरहद्द नव्हती. बँकॉकचा राजा मोठा होता, व्हिएतनामातल्या ह्युएचा सम्राट मोठा होता, वायव्येला ब्रह्मदेशातल्या आव्याचा दरबार होता. त्यांच्या मधे लहान लहान राजे. ते ज्याचा जोर असेल त्याला नजराणा पाठवत, आणि दोघांचा जोर असेल तर दोघांना. केदाह, केलंतान, तेरेंगानु ही मलय राज्यं दर तीन वर्षांनी बँकॉकला सोन्याचांदीची झाडं पाठवत. कंबोडिया बँकॉकलाही मानायचा आणि ह्युएलाही. आजच्या लाओसमधल्या लुआंग प्रबांग राज्याचा नजराणा बँकॉकबरोबर ह्युएला आणि चीनलाही जाई. निजाम आणि मराठे यांच्या मुलखांच्या सांध्यावर दुअमली गावं असत, एकाच गावाचा वसूल दोन्ही सरकारांत वाटला जाई, हे ज्यांनी वाचलं आहे त्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. तिथे अख्खी राज्यंच दुअमली होती.

या व्यवस्थेचा कळस म्हणजे कंबोडियाचा राजा नोरोदोम. ऑगस्ट 1863 मध्ये त्याने फ्रान्सचं संरक्षण पत्करणारा तह केला. त्याच वर्षी डिसेंबरात गुपचूप दुसरा तह करून सयामचंही वर्चस्व मान्य केलं. राजमुकुट बँकॉकच्या ताब्यात होता; पुढच्या वर्षी राज्याभिषेकासाठी तो तिकडून आला आणि समारंभाला सयामचे आणि फ्रान्सचे प्रतिनिधी एकत्र उभे होते. पॅरिसच्या वकिलाला ही लबाडी वाटली असणार. नोरोदोमच्या पूर्वजांना विचारलं असतं तर त्यांनी याला राज्य करणं म्हटलं असतं.

सयामच्या दरबारालाही सरहद्दीची रेघ हे प्रकरण सुरुवातीला कळेना. पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धानंतर तेनासेरिम हा ब्रह्मदेशाचा दक्षिणेकडचा किनारी भाग इंग्रजांकडे आला. हेन्री बर्नी बँकॉकला तह करायला गेला, तेव्हा इंग्रजांनी सीमा आखायचा लकडा लावला. दरबाराचा सूर असा, की त्यात एवढं काय, तिथल्या जुन्या रहिवाशांना विचारा, ते सांगतील. सीमा ही सुभ्यावरच्या माणसांनी सांभाळायची गोष्ट होती. तिच्यासाठी राजाने शाईत बोट बुडवावं अशी ती बाब नव्हती.

हे सगळं नीट मांडलं ते थोंगचाय विनिच्चकुल या थाई इतिहासकाराने, ‘सयाम मॅप्ड’ या 1994 साली आलेल्या पुस्तकात. 6 ऑक्टोबर 1976 रोजी बँकॉकच्या थम्मसात विद्यापीठात विद्यार्थ्यांची कत्तल झाली, तेव्हा हा गृहस्थ विद्यार्थी नेता होता. पुढे तुरुंगातही गेला. राष्ट्राच्या नावाने माणसं मारताना ज्याने जवळून पाहिलं, त्याने हे राष्ट्र आलं कुठून असा प्रश्न विचारावा हे साहजिक आहे. त्याचं सांगणं थोडक्यात असं, की देश आधी होता आणि मग त्याचा नकाशा निघाला हा क्रम उलटा आहे. नकाशा आधी आला, त्याने देशाला एक देह दिला, आणि मग त्या देहाला जखमा झाल्याचं दुःख करता येऊ लागलं. मला हे पटतं. पण थायलंडमध्येही आणि बाहेरही या सिद्धांताचा उपयोग बहुधा राष्ट्र ही कशी कल्पना आहे हे दाखवण्यापुरता होतो. नकाशा काढला कुणी, कुठल्या फौजेबरोबर, आणि त्यात कुणाचं राज्य बुडालं, हा हिशेब मागे राहतो.

तो हिशेब सुरू होतो आपल्याकडून. 1802 साली मद्रासजवळ लॅम्बटनने त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. त्या त्रिकोणांची साखळी अख्खा हिंदुस्थान ओलांडून ब्रह्मदेशात गेली, आणि 1880-81 मध्ये हिंदुस्थान सरकारच्या सर्वेक्षण पथकाला ती बँकॉकपर्यंत न्यायची होती. त्यासाठी उंच जागा हव्या होत्या. बँकॉकमध्ये सगळ्यात सोयीची उंच जागा म्हणजे ‘सुवर्णगिरी’, देवळाचं मानवनिर्मित टेकाड. तिथे इंग्रजांच्या माणसांनी दुर्बिणी लावायच्या म्हटल्यावर दरबार बिथरला. मोजणीदार आले की मागून फौज येते, हे शेजारच्या ब्रह्मदेशाकडे पाहून त्यांना ठाऊक झालं होतं. राजाचा इंग्रज सल्लागार हेन्री अलाबास्टर याने तोड काढली: मोजणी होऊ द्या, पण आपलीही माणसं तयार करा. त्याच पथकातला जेम्स मॅकार्थी 1881 साली सयामच्या नोकरीत आला. राजाच्या अंगरक्षकांतल्या तरुणांना मोजणी शिकवायची शाळा निघाली आणि 1885 साली रीतसर सर्वेक्षण खातं झालं.

त्या वेळी गादीवर होता चुलालाँगकॉर्न. त्याचे वडील मोंगकुट यांना पाश्चात्त्य खगोलशास्त्राचं वेड. 18 ऑगस्ट 1868चं खग्रास सूर्यग्रहण कुठून नीट दिसेल याचं गणित त्यांनी स्वतः मांडलं, दलदलीतल्या वा को या जागी युरोपियन पाहुण्यांना बोलावून ते अचूक ठरवलं, तिथेच हिवताप झाला आणि दीड महिन्याच्या आत ते गेले. अक्षांश-रेखांशांवर विश्वास ठेवणारा राजा घडला होता. मेरूपर्वत आणि जंबुद्वीप असलेली विश्वाची जुनी मांडणी पोथ्यांत राहिली, ती कुणी जाळली नाही. राज्यकारभारासाठी मात्र दुसरं जग वापरात आलं.

मॅकार्थीचं काम म्हणजे एका खोलीत बसून कागदावर रेघा मारणं नव्हे. 1880च्या दशकात मेकाँगच्या वरच्या खोऱ्यात ‘हो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चिनी टोळ्यांचा धुमाकूळ चालला होता. त्यांच्या बंदोबस्तासाठी बँकॉकहून फौजा निघाल्या आणि त्यांच्याबरोबर मोजणीदार. फौज जिथवर पोहोचेल तिथवर सयाम, असा साधा हिशेब. या फौजांनी आजच्या वायव्य व्हिएतनाममधल्या लाईच्या सरदार घराण्यातली मुलं पकडून नेली. 1887 साली त्या घराण्यातला देओ वान त्री सूड घ्यायला लुआंग प्रबांगवर चालून आला आणि शहर लुटलं, जाळलं. संरक्षण करायला आलेली सयामी तुकडी कुचकामी ठरली. म्हाताऱ्या राजाला, उन खामला, आगीतून बाहेर काढलं ते फ्रेंच उपवाणिज्यदूत ऑग्युस्त पावीने. पावी मूळचा तारखात्यातला माणूस. स्वतः रान तुडवत नकाशे करणारा. त्यानेच लिहून ठेवलंय, की राजा त्याला म्हणाला, लुआंग प्रबांग सयामने जिंकलेलं नाही, आम्ही आपण होऊन संरक्षणासाठी नजराणा दिला. पावीला हे ऐकायचंच होतं, म्हणून ते जरा सावधपणे घ्यावं. पण राजाच्या तोंडी ही गोष्ट असंभव वाटत नाही.

म्हणजे मेकाँगच्या दोन्ही काठांवर एकाच वेळी दोन मोजणी पथकं फिरत होती, मॅकार्थीचं आणि पावीचं. दोघांकडे बंदुका होत्या, दोघांकडे कोन मोजायचे थिओडोलाइट होते, आणि दोघांचाही दावा जुन्या नजराण्यांवर उभा होता. बँकॉक म्हणे, लाओ राजे आम्हाला नजराणा देत. पॅरिस म्हणे, ते ह्युएलाही देत आणि ह्युए आता आमचं आहे. नजराण्याच्या नात्याचं मालकीत रूपांतर करण्याचा हा डाव दोघंही खेळले. 13 जुलै 1893 रोजी फ्रेंच गनबोटी पाकनामच्या किल्ल्यांचा मारा झेलत चाओ फ्राया नदीतून थेट बँकॉकला येऊन ठेपल्या. ऑक्टोबरच्या तहाने मेकाँगचा डावा काठ फ्रान्सकडे गेला, उजव्या काठावर 25 किलोमीटरचा पट्टा निर्लष्करी झाला, आणि वर नुकसानभरपाई. सयामवर हा अन्याय झाला का? गनबोटी घालून केलेला तह अन्यायच. पण हरलेल्या खेळाडूला मैदानाचा मालक म्हणता येत नाही.

जिंकलेला डाव कुणी मोजत नाही, हेच मला खटकतं. ज्या वर्षांत सयामने जमीन ‘गमावली’, त्याच वर्षांत त्याने काय कमावलं? 1892 साली राजपुत्र दामरोंग गृहमंत्री झाला आणि बँकॉकहून नेमलेले आयुक्त उत्तरेत, ईशान्येत, दक्षिणेत पोहोचले. चियांग माईचे राजे नावापुरते उरले. ईशान्येतल्या लाओ मुलखात 1901-02 मध्ये ‘पुण्यवंतां’चं बंड झालं, ते बंदुकींनी मोडलं. उत्तरेत फ्रे इथे 1902 मध्ये शान लोकांचा उठाव झाला. दक्षिणेत पट्टानी या मलय राज्याचा सुलतान त्याच वर्षी पदच्युत झाला. 1909च्या तहात केदाह, केलंतान, तेरेंगानु आणि पर्लिस ब्रिटिशांकडे गेले हे पाठ्यपुस्तकात ठळक असतं. त्याच रेघेने पट्टानी कायमची सयामला मिळाली हे मात्र नाही. तिथे 2004 पासून भडकलेल्या संघर्षात सात हजारांहून जास्त बळी गेले आहेत.

लाओसचं पाहा. मेकाँगची रेघ लाओ लोकांच्या मधोमध गेली. आज लाओ बोलणारे लोक लाओसपेक्षा थायलंडच्या ईशान्य भागात, इसानमध्ये, कितीतरी जास्त आहेत. त्यांना थाई करून घेण्यात बँकॉकच्या शाळांच्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. 1926च्या करारात तर नदीचे फाटे जिथे होतात तिथे सीमा थाई काठाच्या बाजूच्या फाट्यातून धरली, त्यामुळे मधली बेटं लाओसची. आणि बँकॉकच्या राजवाड्यातली पाचूची बुद्धमूर्ती, जी थायलंडचं दैवत मानली जाते? ती 1779 साली व्हिएंतियान, म्हणजे आजची लाओसची राजधानी, जिंकून आणलेली. गमावलेल्या गोष्टींचा नकाशा व्हिएंतियानने काढला तर त्यात पहिलं नाव कुठलं असेल ते सांगायला नको.

यावर एक रास्त आक्षेप येतो. जुनी व्यवस्था एवढी गोड होती का? नव्हती. लाओ राजा अनुवोंगने बँकॉकविरुद्ध उठाव केला तेव्हा सयामी फौजांनी 1828 साली व्हिएंतियान जमीनदोस्त केलं, माणसं मेकाँगपलीकडे ओढून नेली आणि राजाला बँकॉकमध्ये पिंजऱ्यात घालून लोकांपुढे ठेवलं. दोन मालक म्हणजे दुहेरी वसुली आणि दुहेरी मारही. रेघेने निदान सैनिकांना थांबायची जागा दिली. मी रेघा पुसा म्हणत नाही. या रेघा एका विशिष्ट सालच्या, विशिष्ट माणसांनी केलेल्या करारांपासून आल्या हे लक्षात ठेवा, एवढंच म्हणतो. करार बदलता येतो, वाटून घेता येतो, त्यावर बसून बोलता येतं. देहाचा अवयव तोडला गेला म्हटलं की बोलणंच संपतं.

प्रेआह विहेआरचं देऊळ हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. 1904च्या तहात ठरलं, की दांग्रेक रांगेत सीमा पाणलोटाच्या रेषेने, म्हणजे पाणी दोन बाजूंना वाहून जातं त्या माथ्याने, जाईल. प्रत्यक्ष नकाशे करण्याइतकी साधनं आपल्याकडे नाहीत म्हणून सयामनेच फ्रेंचांना ते काम सांगितलं. फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1907 मध्ये काम उरकलं, 1908 मध्ये अकरा पत्रकांचा संच पॅरिसमध्ये छापून आला. दांग्रेकच्या पत्रकावर सीमेची रेघ पाणलोट सोडून उत्तरेला वळली आणि देऊळ कंबोडियात गेलं. प्रमाण 1:2,00,000. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर दोनशे मीटर. उत्तर-दक्षिण आठशे मीटर पसरलेलं ते अख्खं देऊळ नकाशावर चार मिलिमीटरचं. अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ घेतली तर तिच्या जाडीतच शंभर मीटर डोंगर लपतो. यासाठी तोफा चालल्या.

नकाशे बँकॉकला पोहोचले तेव्हा त्यांचं पुढे काय झालं? राजपुत्र दामरोंगने आभार मानले आणि आपल्या सुभेदारांना वाटायला प्रत्येकाच्या आणखी 15 प्रती मागवल्या. 1930 साली तो स्वतः देवळात गेला, तेव्हा फ्रेंच अधिकाऱ्याने फ्रेंच झेंड्याखाली, पूर्ण गणवेशात त्याचं स्वागत केलं. दामरोंग काही बोलला नाही. 1934-35 मध्ये थाई सर्वेक्षकांना पाणलोट आणि नकाशा जुळत नाहीत हे कळलं, तरी त्यांच्याच खात्याचे काही नकाशे पुढेही देऊळ कंबोडियात दाखवत राहिले. 15 जून 1962 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 9 विरुद्ध 3 मतांनी निकाल दिला तो मुख्यतः या गप्प राहण्यावर. मौन म्हणजे संमती. थायलंडने देऊळ सोडलं, पण झेंडा खाली उतरवला नाही. काठीसकट उचलून नेला. राग समजतो. पण न्यायालयात थायलंडच्या विरोधात गेलेले पुरावे थाई सरकारच्याच दप्तरातले होते.

कंबोडियाही काही धुतल्या तांदळासारखा नाही. ज्या साम्राज्याविरुद्ध त्याच्या नेत्यांनी आयुष्यभर भाषणं केली, त्याच साम्राज्याच्या कॅप्टनांनी ओढलेली रेघ त्याला आज वेदवाक्य वाटते. जून 2025 मध्ये नॉम पेनने आणखी चार जागांचा वाद पुन्हा त्याच न्यायालयाकडे न्यायचं ठरवलं. थायलंड त्या न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मानत नाही हे माहीत असताना असं करणं म्हणजे घरच्या प्रेक्षकांसाठी टाकलेलं पाऊल.

‘गमावलेल्या’ जमिनीच्या चित्राने थायलंडला एकदा युद्धातही ढकललं आहे. पंतप्रधान फिबुन सोंगख्रामच्या सरकारने 1939 साली देशाचं नाव सयामचं थायलंड केलं, नकाशे छापून वाटले, आणि फ्रान्स जर्मनीपुढे पडल्याची संधी साधून 1940च्या अखेरीस इंडोचायनावर चढाई केली. जपानच्या मध्यस्थीने 1941 साली काही प्रांत परत मिळाले. सिएम रीपचा जो भाग मिळाला त्या प्रांताला पंतप्रधानांनी स्वतःचंच नाव दिलं. बँकॉकमधला विजय स्तंभ त्याच मोहिमेचा आहे. 1946 साली सगळं परत करावं लागलं, स्तंभ मात्र राहिला. गंमत म्हणजे त्याच काळातल्या थायलंडचा एक पंतप्रधान, ख्वांग आफाईवोंग, आजच्या कंबोडियातल्या बट्टामबाँगला जन्मलेला. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या सयामच्या वतीने तिथे सुभेदारी करत असे. तो माणूस थाई होता की कंबोडियन, हा प्रश्न त्याच्या जन्मसाली, 1902 मध्ये, कुणी विचारलाही नसता.

मग आता काय करावं? दांग्रेकवरची वादग्रस्त देवळं दोन्ही देशांनी मिळून सांभाळावीत: एक व्यवस्थापन, दोन्ही बाजूंनी प्रवेश, सैन्य दोन्हीकडून मागे. हे भोळेपणाचं वाटेल, पण या मुलखात अशी वाटणी शतकानुशतकं चालली होती. प्रेआह विहेआरची तर भौगोलिक रचनाच तशी आहे. सोपी चढण थाई बाजूने, कडा कंबोडियाच्या बाजूला.

अडथळा बँकॉकच्या राजकारणात आहे, आणि त्याची किंमत आधीच कळली आहे. 2008 साली परराष्ट्रमंत्री नोप्पदोन पत्तमा यांनी देऊळ जागतिक वारसा यादीत घालायच्या कंबोडियाच्या अर्जाला पाठिंबा देणाऱ्या निवेदनावर सही केली. पिवळ्या सदऱ्यांच्या सरकारविरोधी आंदोलनाने त्यांना देशद्रोही ठरवलं, घटना न्यायालयाने ते निवेदन घटनाबाह्य ठरवलं, मंत्र्याला राजीनामा द्यावा लागला आणि त्याच वर्षी सीमेवर गोळीबार सुरू झाला. 2025 मध्ये पेतोंगतार्न शिनावात यांचं कंबोडियाचे माजी पंतप्रधान हुन सेन यांच्याशी झालेलं मवाळ सुरातलं फोनवरचं बोलणं फुटलं आणि त्यांचं पंतप्रधानपद गेलं. सीमेबद्दल समजुतीचा शब्द काढणाऱ्याला तिथे खुर्ची शिल्लक राहत नाही. हे बदलायला सैन्याधिकाऱ्यांपेक्षा शिक्षण मंत्रालयाची जास्त गरज आहे: पाचवी-सहावीच्या पुस्तकात 1907च्या तहाशेजारी ईशान्येतल्या 1902च्या बंडाचाही परिच्छेद हवा, आणि पट्टानीच्या सुलतानाचा, आणि पाचूची मूर्ती कुठून आली त्याचा.